वर्नेल हॅस्किन्सचं निळं कार्ड

मेकन शहरात एकशेचौदा नंबरची शाळेची बस उशिरा आली, असं सत्तावीस वर्षांत कुणी पाहिलं नाही. एकदा रस्त्यात भलंमोठं कासव आडवं आलं. वर्नेल हॅस्किन्सने बस थांबवली, खाली उतरली, कासव दोन्ही हातांनी उचलून गवतात नेऊन ठेवलं, हात पुसले, आणि पुढच्या थांब्यावर वेळेच्या एक मिनिट आधी हजर. पोरं आठवडाभर शाळेत कासवाचीच गोष्ट सांगत होती. वर्नेलला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. वेळ म्हणजे वेळ.

देण्याघेण्यातही बाई तशीच. भाडं एक तारखेला, विजेचं बिल आल्या दिवशीच. तिचा नवरा रूफस चिनी मातीच्या खाणीत कामाला होता, तो चेष्टा करायचा, "अगं, पोस्टमन अजून कोपऱ्यावरून वळला नाही, तोवर तू बिल भरून मोकळी! पाकिटाला जरा श्वास तरी घेऊ दे."

मूलबाळ नव्हतं. पण रोज सकाळी साठ-सत्तर पोरं गाडीत चढून "गुड मॉर्निंग, मिस वर्नेल" म्हणायची, आणि जे म्हणायचं नाही त्याला ती पायरीवरच उभं ठेवायची. त्यातली किती पोरं आता बाप्ये झाली, तरी बाजारात वर्नेल दिसली की तोंडातलं च्युइंगम गिळतात.

तर निळ्या कार्डाची गोष्ट अशी. बसची नोकरी लागली त्या वर्षी जत्रेत एका बँकेने मांडव घातला होता. क्रेडिट कार्डाचा अर्ज भरा आणि टॉवेल घेऊन जा. वर्नेलने अर्ज भरला तो टॉवेलसाठी. टॉवेल चांगला निघाला, चौदा वर्षं टिकला. कार्ड मात्र लाटण्याच्या खणात पडून राहिलं. ख्रिसमसला तेवढं बाहेर यायचं, त्यावर एक हॅम घेतलं जायचं, आणि जानेवारी उजाडायच्या आत पैसे भरलेले असायचे. बँक आपली दर दोन-चार वर्षांनी त्याची मर्यादा वाढवत राहिली. वाढता वाढता ती नऊ हजार डॉलरवर गेली.

मग बारा वर्षांपूर्वी रूफस खाणीच्या फाटकाशी छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याने अंत्यविधीसाठी वर्षानुवर्षं विमा भरला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, ती कंपनीच तीन वर्षांपूर्वी बुडालेली. शवपेटी, जमीन, दगड, गाडी, फुलं मिळून सात हजार आठशे. वर्नेलने खण उघडला, लाटणं बाजूला केलं आणि निळं कार्ड काउंटरवर ठेवलं. अंत्यविधीच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, हप्त्याने दिलं तरी चालेल." ती म्हणाली, "तुम्हाला आज पुरते मिळतील. हप्ते मी बँकेशी बघते."

ते हप्ते सहा वर्षं चालले. दर महिन्याच्या नऊ तारखेला. व्याज धरून पेटी पडली दीडपट. शेजारच्या बायका नवऱ्याच्या थडग्यावर फुलं वाहायला जायच्या. वर्नेलही जायची, पण तिला मनातून वाटायचं की खरी आठवण नऊ तारखेलाच होते, चेक लिहिताना. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी तिने पावती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. कार्ड पुन्हा लाटण्याखाली गेलं. आता मात्र ते नजरेला पडलं की ती खण लगेच बंद करायची.

राहायला घर व्हिटलॉक म्हाताऱ्याचं, एकवीस वर्षं भाड्याने. पण स्वयंपाकघरातल्या फळ्या रूफसच्या हातच्या, मागच्या अंगणातलं अक्रोडासारखं पिकानचं झाड त्याने लावलेलं, ओसरीची तिसरी पायरी करकरते तीही त्यानेच बसवलेली आणि कधी नीट न बसलेली. म्हातारा जानेवारीत गेला. त्याचा मुलगा अटलांटाहून आला, ओसरीवर टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "मिस वर्नेल, बाबांनी सांगून ठेवलंय, घर आधी तुम्हाला विचारायचं. अडुसष्ट हजार. पण माझ्यावरही जबाबदाऱ्या आहेत. पंधरा जूनपर्यंत थांबतो. नंतर ती घरं विकत घेणारी कंपनी आहे, तिला देईन."

त्या कंपनीने गल्लीतली अकरा घरं आधीच घेतली होती. दारं करड्या रंगाने रंगवायची आणि भाडं दुप्पट करायचं, एवढीच तिची कामाची रीत. वर्नेलला कळायचं ते कळलं. पंधरा जूनला एक तर कागदावर तिचं नाव लागणार, नाही तर त्रेसष्टाव्या वर्षी तिला रूफसच्या फळ्या तिथेच सोडून निघावं लागणार.

घरकर्जाच्या कचेरीत टेबलापलीकडे बसली होती टमारा यारब्रो. वर्नेलने तिला नऊ वर्षं बसने शाळेत नेलं होतं. मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसणारी हीच ती. वर्नेल खुर्चीत टेकताच टमाराने टेबलाखाली पाय जमिनीवर टेकवले.

"मिस वर्नेल, तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशे अठ्ठ्याऐंशी."

"हे चांगलं की वाईट?"

"चांगलं. आमचं दार सहाशे वीसला उघडतं. एक डाग आहे, दोन वर्षांपूर्वीचा, इस्पितळातल्या रक्ततपासणीचा."

"ते बिल चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं! कळलं त्याच दिवशी भरलं मी."

"माहीत आहे. भरल्याची नोंद आहे. डाग राहतो काही दिवस. पण बाकी सगळं झकास. फक्त एक करा, सह्या होईपर्यंत नवं कर्ज काढू नका, नवं कार्ड घेऊ नका."

"नवं? अगं, मला आहे तेच नकोय," वर्नेल म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या हसण्यात टमाराचं पुढचं एक वाक्य सांगायचं राहून गेलं. नंतर त्यासाठी तिने स्वतःला पुष्कळ बोल लावले.

आता ओझेलबद्दल सांगायला हवं. ओझेल हॅस्किन्स म्हणजे रूफसचा धाकटा भाऊ, वर्नेलचा दीर, आणि चर्चमधला डीकन, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या खालोखाल ज्याचा शब्द चालतो असा माणूस. पण रूफस गेला तेव्हा तो असा नव्हता. तेव्हा त्याच्या खिशात सात कार्डं होती आणि सातही गळ्यापर्यंत भरलेली. भावाच्या अंत्यविधीला तो उसना कोट घालून आला होता. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. पेटीच्या खर्चाचं त्याने विचारलंही नाही. विचारून करणार काय होता?

पुढे एके दिवशी त्याने सातही कार्डं कात्रीने कापली, दोन दोन नोकऱ्या केल्या आणि पाच वर्षांत बाहेर पडला. बाहेर पडलेला माणूस जसा वाट दाखवायला लागतो, तसा तो चर्चमध्ये कर्जमुक्तीचा बारा आठवड्यांचा वर्ग घ्यायला लागला. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी पुढे यायचं, कार्ड कापायचं आणि लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत तुकडे टाकायचे. बरणी वेदीच्या उजव्या हाताला. लोक त्याला कात्रीचा रविवार म्हणत. त्या दिवशी टाळ्या वाजायच्या, ऑर्गन वाजायचा, आणि नंतर तळलेली कोंबडी आणि कॉर्नब्रेड.

ईस्टरनंतरच्या रविवारी वर्नेल पुढे गेली. वर्गात ती बसली होती ती दिराचं मन राखायला. पण बाराव्या आठवड्यापर्यंत तिच्या मनात त्या निळ्या कार्डाने घर केलं होतं. घर आपलं व्हायचं आहे, मग जुनं ओझं आत कशाला न्यायचं? पर्समध्ये दुसरंही एक कार्ड होतं, लहानसं, दीड हजाराच्या मर्यादेचं. फेब्रुवारीत गाडीचा गिअरबॉक्स गेला तेव्हा त्यावर साडेतेराशे चढले होते आणि ते ती फेडत होती. त्याला तिने हात लावला नाही, देणं बाकी असलेलं कार्ड कापणं तिला लबाडी वाटली. कापलं ते निळं, ज्यावर दमडीचं देणं नव्हतं.

कात्री जुनी होती. पहिल्यांदा नुसतं वाकलं. ओझेल म्हणाला, "वहिनी, जोर लावा, बँक काही ओरडत नाही!" माणसं हसली. दुसऱ्यांदा कट्‌कन दोन तुकडे झाले. वर्नेल रडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती रडली. तिच्यापुरती रूफसची पेटी त्या दिवशी खरी जमिनीत गेली.

ओझेलच्या वर्गात आणखी एक नियम होता. नुसतं कापून भागत नाही, सोमवारी बँकेला फोन करून खातंही बंद करायचं, नाही तर मोह परत येतो. वर्नेलने फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, सत्तावीस वर्षांचं खातं आहे. नक्की बंद करायचं?"

"नक्की."

"काही शुल्क नाही याला. राहू द्या की तसंच."

"नको."

"मॅडम, एकदा विचार करून..."

"हे बघ बाळ," वर्नेल म्हणाली, "तू तुझी नोकरी करतेस, मी समजू शकते. पण बायबलातल्या सैतानानेही तिसऱ्यांदा विचारल्यावर नाद सोडला होता." आणि फोन ठेवला.

सह्यांच्या आधी स्कोअर पुन्हा एकदा तपासतात. मेच्या दहा तारखेला टमाराने तिला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं तेव्हाच वर्नेलला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"मिस वर्नेल, तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"सहाशे नऊ झालाय."

वर्नेलने आधी चष्मा पुसला. मग म्हणाली, "हप्ता चुकला का कुठला? शक्यच नाही."

"एकही नाही. तुम्ही कार्ड बंद केलंत. जुनं, नऊ हजारांचं."

"बंदच केलं. त्यावर काही देणं नव्हतं!"

"म्हणूनच तर..." टमारा थांबली. सरळ सांगितलं तर हिला ते खोटं वाटेल, हे तिला दिसत होतं. तिने जरा विचार केला. "तुमची बस बघा. सत्तर जागा. त्यात आठ पोरं बसलीत. बघणारा काय म्हणेल?"

"बस रिकामी आहे म्हणेल."

"आता बस काढून घेतली, आणि तीच आठ पोरं दहा जागांच्या लहान गाडीत बसवली."

वर्नेलने मनात पोरं मोजली. गाडीत पोरं किती आणि जागा किती, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"पोरं तेवढीच," ती हळूच म्हणाली.

"तेवढीच. गिअरबॉक्सचे राहिलेले साडेअकराशे. पण आधी तुमच्याकडे साडेदहा हजारांची जागा होती, आता दीड हजाराचीच. आकड्याला वाटतं, ही बाई खच्चून भरलीय, आता कधीही कलंडेल."

"आणि ड्रायव्हर?" वर्नेलने विचारलं. "गाडी कोण चालवतंय, ते बघत नाही तो?"

टमाराने मान खाली घातली. "वेळेवर भरता, हे बघतो. त्याचे गुण देतोच. पण तुम्ही कोण, कशा, कार्ड का कापलंत, हे त्याला दिसत नाही, मिस वर्नेल."

बाहेर कुणीतरी छपाईच्या यंत्रावर थापा मारत होतं.

कार्ड पुन्हा उघडून मिळत नव्हतं, बँकेत विचारून झालं. मार्ग एकच होता. लहान कार्डाचं बिल अठ्ठावीस तारखेला निघतं. त्याच्या आत अकराशे भरले की पोरं उतरली, गाडी रिकामी, आकडा वर. पण वर्नेलने साठवलेला एकेक डॉलर घराच्या पहिल्या भरण्याला आणि कागदपत्रांच्या खर्चाला लागणार होता. त्यातून उरत होते दोनशेचाळीस. उसने घ्यावेत तर ते नवं कर्ज झालं. खात्यात अचानक पैसे आले तर कुठून आले ते विचारणार.

"नातेवाइकाने भेट म्हणून दिले तर चालतात," टमारा म्हणाली. "एक पत्र लागतं. देणाऱ्याने लिहून द्यायचं की हे परत घेणार नाही. आणि तुम्हीही खाली सही करायची, की परत देणार नाही."

"परत देणार नाही, असं मी लिहून द्यायचं?"

"हो."

"तसलं पत्र माझ्या हातून व्हायचं नाही," वर्नेल म्हणाली, आणि पर्स घेऊन उठली.

तो रविवार ती चर्चला गेली नाही. पुढचाही नाही. शाळेचा शेवटचा आठवडा होता, पोरं खिडक्यांतून वह्यांचे कागद उडवत होती आणि मिस वर्नेल ओरडत नव्हती, यावरून पोरांनाही कळलं की काहीतरी बिघडलंय. शनिवारी, पंचवीस तारखेला, ओझेल आला. तिसरी पायरी करकरली.

"वहिनी, तुमची जागा दोन रविवार रिकामी. पाद्रीसाहेब विचारत होते, वर्नेल मेली की पंथ बदलून बॅप्टिस्ट झाली?"

एरवी ती हसली असती. तिने त्याला सगळं सांगितलं, उभ्याने, दाराची जाळी मधे ठेवून. शेवटी म्हणाली, "तुझ्या टाळ्यांनी माझं घर गेलं, ओझेल."

ओझेल ओसरीवरच बसला. आठ महिन्यांपूर्वी गुडघा बदललेला, त्यामुळे बसायलाही त्याला वेळ लागला. हातातली टोपी त्याने एकदा सरळ धरली, एकदा उलटी.

"मी बुडत होतो तेव्हा कात्रीने वाचलो," तो म्हणाला. "मला वाटलं, तेच औषध सगळ्यांचं. तुम्हाला तर आजारच नव्हता. मी निदान विचारायला हवं होतं."

"हवंच होतं."

"किती लागतात?"

"मी मागायला आले नाहीये. तू माझ्या दारात आलायस."

"किती, वहिनी?"

"अकराशे. आणि ते उसने चालत नाहीत. फुकट घ्यावे लागतात, तसं लिहून. जन्मात मी कुणाचं ठेवून घेतलं नाही, ते आता म्हातारपणी सहीनिशी ठेवून घेऊ?"

ओझेल पिकानच्या झाडाकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "रूफसची पेटी सात हजार आठशेला पडली. तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या दुकानातल्या माणसाने मला सांगितलं होतं, तेव्हाच, पेटीपाशीच. माझा सख्खा भाऊ. मी नव्या कोटाचेही पैसे नसलेला माणूस. पण पुढे? पुढे माझ्याकडे पैसे आले की नाही? मी बरणी आणली, वर्ग काढला, लोकांना देणं फेडायला शिकवलं. आणि दर रविवारी तुम्ही तिसऱ्या ओळीत बसलेल्या दिसायचात."

वर्नेलने जाळीचं दार उघडलं. पण बाहेर आली नाही.

"मग ती भेट कुठली," ती म्हणाली. "ते तर तुझंच देणं."

"तुम्ही मागितलं नाहीत, कुठे लिहिलं नाही. कायद्याने भेटच. मनात मी काय समजायचं ते मी बघेन. आणि परत द्यायचं तुम्ही काढलंत, तर मी टमाराला जाऊन सांगेन, ही बाई लबाड आहे."

"तू जाशीलही."

"डीकन आहे मी. जावंच लागेल."

सोमवारी कचेऱ्यांना सुट्टी होती, म्हणून पत्र मंगळवारी सकाळी झालं, सत्तावीस तारखेला नव्हे, थेट अठ्ठावीसला. त्या एका दिवसाने टमाराच्या जिवात जीव नव्हता. तिने कार्डाच्या बँकेला स्वतः फोन लावला, तेव्हा कळलं की दुपारी पाचच्या आत भरलेले पैसे त्याच बिलात धरतात. नातं या रकान्यात ओझेलने ठळक अक्षरांत लिहिलं, भाऊ. टमारा म्हणाली, "दीर लिहायला हवं." तो म्हणाला, "मग दीर लिहा, मी सही करतो." त्याने सही केली. मग कागद वर्नेलकडे सरकला.

तिने तो तीनदा वाचला. ही रक्कम परत करण्याची कोणतीही अपेक्षा नाही. नऊ तारखांचे सहा वर्षांचे चेक याच हाताने लिहिले होते. पेन टेकवलं, उचललं. टमारा खिडकीबाहेर बघत बसली, ओझेल गुडघा चोळत बसला. शेवटी वर्नेलने सही केली, आणि सह्या करताना ती नेहमी घालायची ती खालची रेघ यावेळी घातली नाही.

जूनच्या सहा तारखेला आकडा आला, सहाशे चौऱ्याऐंशी. बारा तारखेला सह्या झाल्या. व्हिटलॉकच्या मुलाने किल्ल्या दिल्या, ज्या तिच्याकडे एकवीस वर्षं होत्याच. तिने त्या तरी हात पुढे करून घेतल्या.

त्या रविवारी वर्ग सुरू होण्याआधी ओझेलने तिला पुढे बोलावलं. तिने बसची आणि लहान गाडीची गोष्ट सांगितली, आपलं नाव घालून, आकड्यांसकट. आपण शहाणपणा करायला गेलो आणि घर हातचं जाता जाता राहिलं, हे त्याच माणसांपुढे सांगितलं ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. यावेळी टाळ्या नव्हत्या. ज्यांना कार्ड म्हणजे विहिरीचा काठ आहे त्यांनी कापावंच, ती म्हणाली, पण आधी कुणाला तरी विचारा, आणि मला विचारलंत तरी चालेल, बस दुपारी रिकामी असते. बरणी तिथेच होती. तिच्यात निळ्या तुकड्यावर तिच्या आडनावाची निम्मी अक्षरं काचेला चिकटून दिसत होती. तिने ती पाहिली आणि खाली येऊन तिसऱ्या ओळीत बसली.

पत्राची प्रत तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवली, पेटीच्या शेवटच्या पावतीवर.

आणि पीचचा हंगाम लागला तसं ती शनिवारी एक भांडं फडक्यात बांधून ओझेलच्या दारी जायला लागली. पीच, साखर, वर लोण्याचा खरपूस थर, अजून वाफ येतेय. पहिल्या शनिवारी ओझेल दारातच आडवा उभा राहिला.

"वहिनी, ही परतफेड तर नाही ना? मी सही करून बसलोय."

"पत्रात पीचचा कुठे उल्लेख आहे?"

"नाही, पण..."

"मग बाजूला हो. भांडं गरम आहे."

ओझेल बाजूला झाला. तिने भांडं टेबलावर ठेवलं, दोन बश्या काढल्या, आणि मग जरा थांबून तिसरीही काढली. ती, रूफस आला की बसायचा, त्या जागी ठेवली. खाऊन झाल्यावर तिने भांडं धुऊन परत नेलं, पुढच्या शनिवारी लागेल म्हणून.